काकूंच्या मिक्सरला मिळालेला न्याय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे सगळी माझीच फजिती आहे.

इंग्लंडात कायदा शिकून मी नाशिकला परतले ना, तेव्हा वाटलं होतं, दारात फसलेल्या ग्राहकांची रांग लागेल. सिडकोत खोली घेतली, पाटी लावली, ‘ग्राहक मार्गदर्शन, विनामूल्य’. आणि आलं कोण? दूधवाला. तोही पिशवी कडीला अडकवून निघून जायचा!

माझा प्रबंधच होता: कंपन्या वस्तू मुद्दाम अशा बनवतात, की गॅरंटी संपली की त्या मोडाव्यात. नियोजित बिघाड! हे शब्द मी आरशासमोरसुद्धा ठणकावून म्हणायचे. ऐकायला दुसरं होतं कोण?

समोरच्या घरात भामरेकाकू राहायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. काका गेलेले, मुलगा सुरतेला. त्यांचा मिक्सर सारखा बिघडायचा. मग मेन रोडच्या दुकानातून सलीमभाई येऊन तो उलटा करून बसायचे, आणि मजल्यावरच्या सगळ्या बायका आपापल्या इस्त्र्या-कुकर घेऊन तिथे जमायच्या. मी खिडकीतून बघायचे. अरेरे, किती हे पीडित ग्राहक! (पीडित माणसं एवढी खिदळतात कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.)

एक दिवस घुसलेच.

“काकू, ही लूट आहे!”

“हो गं बाई. चहा घेतेस?”

“चहा नंतर! सलीमभाई, काय मोडलं?”

“कपलर, ताई, भांड्याखालचा. रबराचा आहे ना, घिसतो. काकू, दूध जरा जास्त टाका.”

“बघा! मुद्दाम रबराचा!”

“मुद्दामच करतात मेले,” शेजारच्या शिंदेवहिनींनी चिवड्याची ताटली पुढे करत दुजोरा दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झाली क्रांती!

मग काय विचारता! मिक्सर विकणाऱ्या दुकानदाराला नोटीस, कंपनीला नोटीस, ग्राहक मंचात खेचायची धमकी. काकू दर वेळी म्हणायच्या, “राहू दे गं.” मी म्हणायचे, “घाबरू नका, मी आहे ना!”

आणि एका दुपारी कंपनीने चक्क नवाकोरा मिक्सर पाठवला. धातूचा कपलर, पाच वर्षांची गॅरंटी!

मी पेढे घेऊन धावले. काकूंच्या घरात शुकशुकाट. मिक्सर ओट्यावर, खोक्यातच.

“काकू, जिंकलो!”

“तू जिंकलीस बाई. आता पाच वर्षं सलीम कशाला येईल?”

“अहो, पण धातूचा कपलर...”

“धातूचा टाकतो म्हणून तो केव्हाचा मागं लागलाय. मीच नको म्हणते.”

“मग नुसतं चहाला बोलवा की सगळ्यांना!”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “काम नसताना बाप्या माणूस घरात बोलावू? लोक काय म्हणतील? आणि बायका तरी हातातली कामं टाकून उगाच येतात का? काहीतरी बिघडावं लागतं गं, तेव्हा माणसं जमतात.”

मी पेढ्यांचा पुडा खोक्याशेजारी ठेवला.

“आणि मला कधीच का नाही बोलावलंत?” विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

“तुला कसं बोलवायचं? तुझ्याकडं काही बिघडतच नाही!”

संध्याकाळभर मी खोलीत बसून होते. पंखा फिरत होता, रेडिओ बोलत होता, इंग्लंडातून आणलेली इस्त्री ठणठणीत होती. कशातही खोट नाही. समोर काकूंचं दार बंद, इकडे माझं. इतकं एकटं तर मला तिकडच्या परक्या थंडीतही वाटलं नव्हतं.

सकाळी उठले तेव्हा निर्णय झालेला होता. स्क्रूड्रायव्हर घेतला, इस्त्री उघडली, आतली वायर ओढून तोडली आणि काकूंचं दार वाजवलं.

“काकू, सलीमभाईंना निरोप धाडा. माझी इस्त्री बिघडली.”

काकूंनी इस्त्री उलटीसुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“आपोआप?”

“नाही,” मी म्हणाले. “नियोजित.”