मागच्या दोन चाकांत एकोणीस

पुढच्या दोन्ही चाकांत बत्तीस. मागच्या डाव्या चाकात एकोणीस. मागच्या उजव्यातही एकोणीस. मी गेज झटकून पुन्हा लावलं. आकडा तोच.

गेज म्हणजे टायरमधली हवा मोजायचं पेनाएवढं यंत्र. रोजच्या वापरातल्या अशा छोट्या कारला चारही चाकांत बत्तीसच्या आसपास हवा लागते. एका चाकात कमी निघाली तर मी म्हणतो, पंक्चर. दोन चाकांत कमी निघाली तर म्हणतो, दोन पंक्चर. आमच्याकडच्या रस्त्यांवर तेही होतं. पण दोन्हीत मोजून एकोणीस? खिळा इतका हिशेबी नसतो. ही हवा कोणीतरी हाताने काढली होती.

मी उठून काउंटरकडे पाहिलं. गाडीचे मालक माझ्या भाच्याला सगळ्यात महाग टायर काढायला सांगत होते.

थोडं आधीपासून सांगतो. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं टायर सेक्शनला काढली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून भाचा योगेशच्या दुकानात येऊन बसतो. दुकान नंदुरबारात, धुळे रोडला. योगेश मामा म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही मला मामाच म्हणतात. तिथे मला हुद्दा काही नाही. गाडीचे जुने टायर बघतो, तेही मला कोणी सांगितलेलं नाही. नवे टायर सगळेच बघतात, जुन्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि सगळी माहिती तर त्याच्याकडेच असते.

जुलैचा दिवस. सकाळपासून रिपरिप चालू होती. गिऱ्हाईक होते तळोद्याकडचे एक आप्पा. केळी-पपईचे बागायतदार, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. सोबत सून, कविताताई. ती धडगावकडच्या एका शाळेवर शिक्षिका आहे. रोज चांदसैली घाटातून अप-डाउन, गाडी स्वतःच चालवते. नवरा सुरतला कंपनीत, शनिवारी घरी येतो. आज मात्र गाडी आप्पांनी चालवत आणली होती. ताई बाकावर गप्प बसली होती. मांडीवर पर्स आणि पर्सवर एक लांब पिवळं पाकीट.

"सर्वास्मा भारी टायर दखाड," आप्पा योगेशला म्हणाले. "पोऱ्यानी नाव लिखी धाडेल शे."

त्यांनी मोबाइल पुढे केला. मुलाचा मेसेज होता : हाय परफॉर्मन्स ऑल सीझन, एक साइज रुंद. योगेशचा चेहरा खुलला. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

हे शब्द हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर आलेत, म्हणून सांगून टाकतो. ऑल सीझन हा शब्द मूळचा बर्फाच्या देशांतला. तिथे उन्हाळ्याचे टायर वेगळे, बर्फाचे वेगळे, आणि दरवेळी बदलायचा कंटाळा असलेल्यांसाठी तिसरे, बारमाही. आपल्याकडे साध्या कारला मिळणारे टायर जवळजवळ सगळे बारमाहीच. मे महिन्यातलं तापलेलं डांबर आणि पावसाळ्यातला घाट, दोन्ही त्याच रबरावर काढायचं. हाय परफॉर्मन्स म्हणजे वेगासाठी घडवलेला टायर. रबर मऊ, पकड घट्ट, बाजूची भिंत कडक आणि बहुधा बुटकी. गाडी स्टिअरिंग फिरवताच वळते. ते सगळं खरं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मऊ रबर लवकर झिजतं. आणि भिंत बुटकी असली की खड्ड्याचा दणका थेट रिंगला बसतो. घाटात रिंग वाकली तर गाडी तिथेच.

"टायर बदलताय कशासाठी आप्पा?" मी विचारलं. "पुढचे तर अजून वर्षभर जातील."

"घाटमा गाडी घसरनी ना भो! गाडीमा काही खोट नही. बाई मानूस घाटमा गाडी चालाडी, तं आखो काय व्हई? म्हनीन सांगं, नोकरीच सोडी दे."

तेव्हा त्या पाकिटाचा अर्थ मला कळला. त्यात ताईचा राजीनामा होता. दोघं तेवढ्यासाठीच नंदुरबारला आले होते. शिक्षण खात्याच्या ऑफिसात साहेब जेवणानंतर भेटणार होते, तोवर, यापुढे गाडी मुलगाच वापरणार म्हणून, तिला टायर घालून घ्यायचे असा आप्पांचा बेत.

मी ताईकडे वळलो. "वेग किती होता ताई?"

"पंचवीस, फार तर तीस," ती म्हणाली. "सोबत शाळेतल्या दोघी शिक्षिका होत्या मामा, मी कशाला पळवीन? गाडी पुढून वळली. मागून वळलीच नाही. आडवी झाली आणि कठड्याच्या अलीकडे थांबली."

कोणाला खरचटलंही नव्हतं. पण मागून वळलीच नाही, हे वाक्य मला लागलं. घाबरलेला माणूस असं सांगत नाही. तो म्हणतो, काय झालं ते कळलंच नाही. ताईला काय झालं ते नेमकं कळलं होतं, फक्त का झालं ते कळलं नव्हतं. म्हणून मी गेज घेऊन मागच्या चाकापाशी बसलो, आणि एकोणीस निघाले.

टायरवर हात फिरवला. मागच्या दोन्ही टायरच्या दोन्ही कडा झिजलेल्या, मधला पट्टा नव्यासारखा. हवा कमी असली की टायरचा मधला भाग वर उचलला जातो आणि सगळा भार कडांवर येतो. टायरवरच्या खाचा नक्षी म्हणून नसतात. रस्त्यावरचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं, तेव्हा कुठे रबर डांबराला टेकतं. हवा कमी पडली की खाचा मिटतात, पाणी खालीच राहतं आणि चाक पाण्यावर तरंगतं. भिंतही लुळी पडते, वळणावर गाडीची शेपटी डोलते.

"आप्पा, मागच्या चाकांची हवा कोण बघतं?"

"मीच दखस!" आप्पा छाती पुढे काढून म्हणाले. "पानी लागना का दर आइतवारले मांगला चाकस्नी हवा उतारस. ट्रॅक्टरले करतस नही का? चिखलमा पकड येस."

काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टरची हवा थोडी उतरवतात, हे खरं आहे. चाक पसरतं, रबराचे दात मातीत रुततात. ट्रॅक्टरचा जोर मागच्या चाकांना, म्हणून मागच्यांची. आयुष्यभर शेतात बरोबर ठरलेली गोष्ट आप्पांनी जशीच्या तशी कारला लावली होती. डांबरात रुतायला माती नसते. आणि या कारचा जोर पुढच्या चाकांना असतो. सून घाटातून जाते, तिला काही होऊ नये म्हणून हा माणूस दर रविवारी चिखलात गुडघे टेकून, ट्रॅक्टरच्या गेजने मोजून हवा सोडत होता. राग यायला हवा होता. मला भरून आलं.

योगेशने मला डोळ्याने खुणावलं. त्यानेही सगळं ऐकलं होतं. त्याच्या खुणेचा अर्थ सोपा होता : मामा, चार टायर विका, बत्तीस हवा भरा, गाडी आपोआप नीट होईल. आणि ते खरंच होतं. गाडी नीट झालीच असती. मोठ्या माणसाचा मान राहिला असता. फक्त पाकीट ऑफिसात गेलं असतं, आणि बाई घाटात गाडी चालवते म्हणून घसरली, हे ताईच्या नावावर कायमचं राहिलं असतं.

असं एकदा मी केलेलं आहे. वर्कशॉपमध्ये असताना घाईत एका ट्रकला मागे दोन न जुळणारे टायर बसवले. एक नवा, एक गुळगुळीत. पावसात ट्रक घसरून खड्ड्यात गेला. मॅनेजरने विचारलं, टायर? मी म्हणालो, ओके होते. दगा नावाच्या ड्रायव्हरला गाडीवरून काढून गेटवर बसवलं. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आजही बाजारात भेटला की विचारतो, "भाऊ, त्या दिन मन्हा हात कसा काय सुटना व्हई?" आणि मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलून सटकतो.

मी योगेशला म्हणालो, टायर नंतर. आणि आप्पांना म्हणालो, "एक चक्कर मारून येऊ. गाडी तुम्हीच चालवा."

मिरची मार्केटचं मागचं आवार पावसाळ्यात मोकळं पडलेलं असतं. वॉचमन ओळखीचा. आप्पा स्टिअरिंगवर, मी शेजारी, ताई मागे. आवारात चिटपाखरू नव्हतं, नाहीतर मी असला उद्योग केला नसता, आणि तुम्हीही करू नका. मी सांगितलं, तीसवर घ्या, त्या खांबाच्या पुढे मोकळ्यात उजवीकडे वळवा.

आप्पांनी वळवली. गाडी पुढून वळली. मागून वळली नाही. शेपटी सुर्रकन बाहेर गेली, गाडी अर्धी फिरली आणि थांबली. आप्पांची टोपी माझ्या मांडीवर आली.

वायपर तेवढे चालू होते. मागून ताई हळूच म्हणाली, "आप्पा, लागनं का?"

आम्ही दुकानात आलो. मी मागच्या दोन्ही चाकांत बत्तीस भरली. टायर तेच, जुनेच. पुन्हा आवारात गेलो. पुन्हा तीस, पुन्हा तेच वळण. झिजलेल्या कडांमुळे गाडी किंचित कुरकुरली, पण वळली. आप्पांनी न सांगता आणखी एकदा फिरवली. मग तिसऱ्यांदा. मग इंजिन बंद केलं आणि आरशातून मागे पाहिलं.

"चूक मन्ही व्हती, बेटा," ते म्हणाले. "आनी नाव मी तुन्हं लिधं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एवढा मोठा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता.

"तुम्हीन मन्हासाठेच करं ना आप्पा," ताई म्हणाली. मग जरा थांबून, अगदी शाळेतल्या आवाजात, "पन आते त्या ऑफिसमा मी जात नही."

"नको जाऊ," आप्पा म्हणाले.

टायर घालायचेच होते. मागचे दोन घाटात न्यायच्या लायकीचे राहिले नव्हते, आणि आप्पांना चारही हवे होते. योगेशने तीन प्रकार काढून ठेवले. मी ताईला म्हणालो, निवडा तुम्ही, घाट तुमचा आहे. तिने खाचांत बोट घालून बघितलं, बाजूची भिंत दाबून बघितली. भिंतीवरचे चार आकडे कसे वाचायचे ते मी दाखवलं : पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कोणतं वर्ष. गोडाउनमध्ये वर्षानुवर्षं पडलेला टायर दिसायला नवाच दिसतो. तिने मधल्या किमतीचा घेतला. खाचा रुंद, ओल्यात पकड चांगली, भिंत पुरेशी उंच, आणि साइज कंपनीने गाडीला दिलेलाच. रुंद टायरला सारायला पाणीही जास्त, आणि स्टिअरिंगही जड होतं. मुलाने सांगितलेला टायर महामार्गावर रोज सुसाट जाणाऱ्याला शोभतो. चांदसैलीत सुसाट जायला जागाच नाही.

"मग पोऱ्याले काय सांगू?" आप्पांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सांगसू काय व्हयनं ते."

निघताना त्यांनी एक नवं गेज मागितलं. मला वाटलं, आता दर रविवारी बत्तीस भरतील. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि सुनेच्या हातात दिलं. "आते तूच दखत जाय." ताईने गेज पर्समध्ये टाकलं. गाडी तिनेच काढली, आप्पा शेजारी बसले. पिवळं पाकीट बाकावर राहिलं. योगेश ते घेऊन पावसात धावला, तेव्हा आप्पांनी काच खाली करून त्याला हातानेच नको म्हटलं.

दिवाळीनंतर ताई टायर रोटेशनला आली. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे, झीज सारखी व्हावी म्हणून. मी गेज काढलं तर म्हणाली, "बत्तीस आहे मामा, सकाळीच बघितली. टायर थंड होते तेव्हा." मी तरी मोजली. बत्तीस होती.

टायर निवडायला आलेल्या प्रत्येकाला मी आता एकच सांगतो. आधी जुना टायर बघा, हवा मोजा, मग रबराचं बोला, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरला.

ती गेली त्याच आठवड्यात मी दगाच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्याने चहा पाजला. फाटकापर्यंत सोडायला मात्र आला नाही.

हवा वेळेवर मोजावी. उशिरा मोजली तरी आकडा खराच येतो, पण तेवढ्यात गाडी घसरून गेलेली असते.