नकाशात नसलेला पाडा

तो आमच्या कोळसा शोधायच्या बोअरवर मजूर होता. खालून आलेल्या दगडाचा कण चावून बघायचा. दाताखाली कचकचला तर वाळूचा, नाहीतर चिकणमातीचा. त्याने सांगायचं, मी वहीत लिहायचं, सही साहेबांची. कोळशाचा पट्टाही आधी त्यालाच दिसला.

दगडाचा नवा थर सापडला की त्याला त्या जागेचं नाव देतात. साहेबांनी दिलं विसरवाडीचं, कारण ते तिथल्या लॉजवर उतरले होते. म्हणाले, याचा पाडा नकाशात नाही.

त्याच्या शेतात उभ्या मशीनपाशी मी त्याला तसं सांगितलं. ओले हात सदऱ्याला पुसत तो म्हणाला, "नकाशामा नही शे, मग मशीन बरोबर मन्हा वावरमा कसं उनं?"

साहेबांवर चिडून काय करू? रिपोर्टात विसरवाडी टाईप मीच केलं.