महादेवी सिस्टरची निवळी

महादेवी सिस्टर स्वतःच्याच घरातल्या पुढच्या खोलीत शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबण नाही, नुसतं पाणी. मग दोन्ही हात वर धरून, कशालाही न शिवता, पायानं दार लोटून आत. वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू म्हणून मी किल्ली घ्यायला गेलो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. आत कुणीतरी अत्यवस्थ आहे असं समजून मी हळू आवाजात विचारलं, "कोण आहे आत?"

"अकरा पेशंट हायत," त्या म्हणाल्या. "चप्पल काढ आणि ये. भिऊ नगंस, चावत न्हाईत."

आत चार फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. जिथे नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते, त्या सोलापुरात होटगी रोडच्या एका साध्या घरात खाऱ्या पाण्यातले खडक होते. त्यांच्यावर जिवंत प्रवाळ होते, काही गुलाबी, काही हिरव्या कडांचे, एक तर तपकिरी बोटांसारखा. दोन नारिंगी मासे फिरत होते. शेजारी सलाइनचा स्टँड, त्याला उलटी टांगलेली बाटली, आणि नळीच्या टोकातून पाण्यात पडणारा एकेक थेंब. काचेला क्लिपबोर्ड अडकवला होता, इस्पितळात पलंगाच्या पायथ्याशी असतो तसा. त्यावर प्रत्येक प्रवाळाचा बेड नंबर, एक ते अकरा, तापमान, कॅल्शियम, वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'ड्यूटीवर: महादेवी'.

सिस्टर मूळच्या अक्कलकोटकडच्या. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायचं. एका खाजगी इस्पितळात त्यांनी उभा जन्म काढला. तिथल्या डॉक्टरांनी हौसेनं वेटिंग हॉलमध्ये ही टाकी बसवली होती. हौस फिटली, हॉलचं नवं काम निघालं आणि टाकी काढून टाकायचं ठरलं. तोवर तिची देखभाल सिस्टरच करत होत्या. त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि निरोपाची शाल न घेता टाकी घेऊन घरी आल्या. "श्वास चालू हाय तोवर पेशंटला कुणी बाहेर काढतं व्हय?" हे त्यांनी मला निदान दहा वेळा विचारलं असेल. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. "बघायचाय कशाला? त्याचं रक्त तर रोज तपासतेय की मी."

रक्त म्हणजे कॅल्शियम. प्रवाळ आपलं हाड पाण्यातल्या कॅल्शियमवर बांधतो. समुद्रात ते कधी सरत नाही, टाकीतलं मात्र रोज थोडं थोडं संपतं आणि बाहेरून द्यावं लागतं. रोज सकाळी सिस्टर सिरिंजनं पाच मिली पाणी काढायच्या, त्यात औषध टाकून ते गुलाबी करायच्या, मग दुसऱ्या औषधाचे थेंब मोजत निळं होईपर्यंत सोडायच्या. आकडा चारशे वीसच्या आसपास आला की चेहरा सैल व्हायचा. भरपाई म्हणून त्या चुन्याची निवळी द्यायच्या. पानातला चुना नव्हे, शुद्ध भुकटी. ती पाण्यात कालवून झाकून ठेवायची, खाली गाळ बसला की वरचं नितळ पाणी बाटलीत भरायचं. टाकीतलं जेवढं पाणी उडून जाईल तेवढीच निवळी थेंबाथेंबानं आत जायची. मे महिन्यात मात्र दोन्ही पंखे टाकीवर रोखलेले असायचे, खिडकीला ओली चादर टांगलेली असायची आणि पाणी दुपटीनं उडायचं. त्या दिवसांत एक बाटली निवळीची, दुसरी साध्या पाण्याची.

"कमी पडलं तर आठवडे मिळतात," त्या सांगायच्या. "जास्त झालं तर तास. पाण्यातच सगळ्याची खडी होती आणि जीव भाजतात. म्हणून थेंब. साकु म्हणता आलं पायजे." साकु म्हणजे कानडीत पुरे. भाकरी वाढतानाही त्या समोरच्याकडून साकु ऐकल्याशिवाय थांबायच्या नाहीत.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून, आणि जन्माचा भित्रा. गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप ओढून चार पायऱ्या उतरतो आणि परत चढतो. बायको माढ्याच्या शाळेत शिक्षिका, शनिवारी यायची. ती तर मला हसून हसून थकली होती. सिस्टर मात्र कधी हसल्या नाहीत. एकदा मी चार्ट वाचत उभा असताना त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे गळ्याच्या ऑपरेशनची एक बाई होती. कॅल्शियम घसरून तिची बोटं वाकडी झाली, हात आखडले. डॉक्टर म्हणाले होते, शिरेतून कॅल्शियम द्या, पण दहा मिनिटं लावून, हळू. "ती वरडत व्हती. मी भ्याले. लवकर बरं वाटू दे म्हणून एका मिनिटात ढकललं सगळं. नाडी बसली की तिची माझ्या बोटाखाली."

"मग?"

"मंग काय. दोन मिनिटं मी गप उभी. सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून. दोन मिनिटं, दिलीप. मंग डॉक्टरला हाक मारली. बाई वाचली. पर ती दोन मिनिटं मला अजून पुरतायत."

त्या वर्षीच्या मे महिन्यात सिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला नेऊन हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं. सोबत भाची सुनंदा जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला.

"सिस्टर, मला नको. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मला भीती वाटते."

"म्हणून तर तुला देतेय. न भिणाऱ्याच्या ताब्यात मी कधी सलाइन दिली न्हाई. आणि हे बघ, चूक झाली तर आदी सांगायचं. रडायचं मंग."

पहिले तीन दिवस मी ऑफिसातून तासातासाला घरी पळत होतो. चौथ्या दिवशी सकाळी कॅल्शियम तीनशे ऐंशी आलं. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. डोळ्यांसमोर एकच चित्र, सिस्टर परत आल्यात आणि अकराही बेड रिकामे आहेत. त्या तिरमिरीत मी साध्या पाण्याच्या बाटलीतही निवळीच भरली आणि नळीवरचं थेंब कमीजास्त करायचं चाक दोन फेरे जास्त सोडलं. कमी पडलंय, लवकर भरून येऊ दे, एवढंच डोक्यात होतं. मग ऑफिसला गेलो. त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी अडकवून ठेवलं, घरी यायला तीन वाजले.

टाकी पांढरी झाली होती. दूध ओतल्यासारखी. मागची काच दिसत नव्हती, मासे दिसत नव्हते. एक बाटली रिकामी होती, दुसरी संपत आली होती आणि खडकांवर पिठासारखा थर बसत होता. चाक बंद केलं आणि तिथंच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांचं ऑपरेशन होतं. हृदयाच्या पेशंटला हे सांगायचं? ऐकून त्यांना काही झालं तर? भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. तो एकदा पूर्ण फिरला, आणि मला त्यांची दोन मिनिटं आठवली. मी फोन लावला.

सुनंदानं उचलला. माझा आवाज ऐकूनच ती समजली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, उद्या ऑपरेशन आहे. मावशीला काही सांगू नका. सगळं ठीक आहे म्हणा." तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण, दिलीप हाय का? दे हिकडं."

मी सगळं सांगितलं. दोन्ही बाटल्या, चाकाचे फेरे, सकाळचा आकडा. सांगताना मला रडू फुटलं.

"रडणं मंग," सिस्टर म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण वॉर्डातला होता. "चाक बंद केलंस?"

"हो."

"किती वाजता?"

"तीन वाजून पाच मिनिटांनी."

"चार्टवर लिही. आता कोपऱ्यावर जा आणि सोडा आण. साधा, लिंबू नको, मीठ नको. पंप सुरू ठेव. पंपाच्या तोंडाशी अर्धी बाटली सोड, घोट घोट. त्यातला वायू चुन्याला मारतो. दहा मिनिटं थांब, मंग अर्धी. घाई करू नगंस."

सोडावाल्यानं विचारलं, पाहुणे आलेत का. मी हो म्हणालो. पुढचे दोन तास सिस्टर फोनवर होत्या आणि मी टाकीशी. दर वेळी मी बाटली कलती करायचो, दर वेळी त्या म्हणायच्या, "हळू." तिसऱ्या बाटलीनंतर म्हणाल्या, "साकु. आता हात लावू नगंस." मी बाटली खाली ठेवली.

"सिस्टर, मी भित्रा आहे म्हणूनच हे झालं."

"न्हाई. भ्यायचं तर हायच. पर भीतीनं हात हळू व्हाया पायजे. तुझा पळाला. माझाबी पळाला व्हता." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मलाबी भ्या वाटतंय रे उद्याचं. दोन तास इसरले व्हते. बरं झालं फोन केलास."

सकाळी सहाला सुनंदाचा फोन आला. त्यांना आत न्यायची तयारी चालली होती. "मावशी विचारतेय, पाणी निवळलं का? दादा, हो म्हणा. तेवढं ऐकून जाऊ दे तिला."

मी टाकीकडे पाहिलं. मागचा खडक धूसर दिसत होता, पण पाणी निवळलं नव्हतं. सात नंबर, तो तपकिरी बोटांचा, निम्मा पांढरा पडला होता. 'हो' म्हणायला एक अक्षर लागतं, आणि ते ओठांवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "अजून गढूळ आहे. सात नंबर निम्मा गेला. मासे दोन्ही जिवंत आहेत. असंच सांग."

सुनंदानं फोन ठेवून दिला.

ऑपरेशन झालं, पण सिस्टर आयसीयूतून बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तो फोन केला नसता तर त्या शांत झोपल्या असत्या का, सकाळी खोटं बोललो असतो तर त्यांनी तग धरला असता का, हेच डोक्यात फिरायचं. पाणी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आरशासारखं निवळलं होतं, आणि त्याकडे बघवत नव्हतं. सुनंदाला तोंड दाखवायची भीती वाटत होती. तेरावा झाल्यावर ती किल्ल्या घ्यायला आली, तेव्हा मी जिन्यातच उभा राहिलो.

ती हात धुवून आत गेली, कोपरापर्यंत, आणि तिच्या मागून मी. टाकीसमोर बराच वेळ बसली.

"तुमचा फार राग आला होता मला," ती म्हणाली. "पण मावशीला काय खोटं सांगायचं तेही सुचेना. शेवटी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती हसली हो. स्ट्रेचरवर झोपून हसली. म्हणाली, 'खरं सांगतोय व्हय? मंग ड्यूटी त्याच्याच नावावर लाव.'"

चार्टच्या शेवटच्या रकान्यात नाव लिहायला मी खिशातला पेन शोधू लागलो, सापडेना. सुनंदानंच आपला काढून दिला.

किल्ल्या तिनं माझ्याकडेच ठेवल्या, आता मी खालच्या मजल्यावर राहतो. टाकी तिच्याच जागी आहे. दोन बेड त्या दिवसानं रिकामे केले, नऊ भरलेले आहेत. सात नंबरच्या पांढऱ्या बोटांवर बुडापासून तपकिरी कातडी परत चढते आहे, नखाएवढी, पण चढते आहे. भीती काही गेली नाही. आज सकाळी चारशे दहा आलं आणि मी पुन्हा तपासलं. एक बाटली निवळीची टांगली, एक साध्या पाण्याची. चाक जेमतेम सोडलं, आणि पहिला थेंब पडेपर्यंत हात चाकावरून काढला नाही.