पिंगळ्याची पिसं

"आकडा कुठून आणलास?"

हे विचारताना काका चष्मा कपाळावर सरकवायचे, कानामागची चपटी सुतारी पेन्सिल काढायचे आणि तुमच्या कागदावरच्या आकड्याभोवती एक गोल काढायचे. रागाने नाही, रोपाला आळं करावं तसा, सावकाश. त्या गोलात सापडलेले माझे पहिले शब्द होते 'हजारो झाडं'.

ते पत्रक मी कॅनडात, बर्नाबीतल्या एका जुन्या गोदामाच्या दारात वाटत होते. आत चाळीसेक व्हॉलंटियर मिळून पंचवीस फुटी लाकडी पिंगळा बांधत होते. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या, वाळवंटी भागात दर उन्हाळ्यात एक कला महोत्सव भरतो. तिथल्या वाळूत बिळं करून राहणारे पिंगळे जवळजवळ संपलेत. म्हणून त्यांचा भलामोठा पुतळा करायचा, चार दिवस सगळ्यांनी बघायचा आणि शेवटच्या संध्याकाळी जाळायचा. संपत चाललेल्या पक्ष्याला पेटवून श्रद्धांजली. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीने गप्प कसं बसायचं? मी एका पर्यावरणवाल्या संघटनेत पत्रकं लिहिते. घरी दूध नासलं तरी त्यामागे कोणाचे हितसंबंध आहेत हेच मला आधी सुचतं.

पत्रकाच्या तळाशी माझं आडनाव होतं, म्हणून हे गृहस्थ थेट मराठीतच आले.

"हजारो झाडं तोडली इथे?"

"म्हणजे, अंदाजे."

"ये आत. मोजू."

मोजायला काही नव्हतंच. सगळं लाकूड पाडलेल्या कुंपणांचं होतं, कोणाकोणाच्या बॅकयार्डातलं, राखाडी पडलेलं सीडर. त्यांनी मला ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारून आणली आणि माझ्या हातात खिळे काढायची पहार दिली.

"विरोध करत करत काढ," म्हणाले. "दोन्ही जमतं."

अशी मी आंदोलन करायला गेले आणि कामाला लागले. संघटनेत मी सांगितलं की आपण आतून माहिती काढतोय. काढत होते ते खिळे.

ते सत्तरच्या दशकात सांगलीहून आलेले. पुलांचे इंजिनियर, निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झालेली. त्यांच्या छातीवरच्या नेमटॅगवरही 'काका' एवढंच लिहिलेलं. वर्कशॉपची प्रमुख मिशेल त्यांना 'मिस्टर काका' म्हणायची. पिंगळ्याची पिसं करणं हे त्यांचं काम. प्रत्येक फळीचं टोक गोल करायचं, घासायचं आणि लाकडी खुंटीने सांगाड्यावर बसवायचं. खिळा मारू द्यायचे नाहीत. पुतळा जळल्यावर खिळे वाळूत उरतात आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी पायात जातात, असं त्यांचं म्हणणं. डब्यात चीज सँडविच, त्यात लसणाची चटणी. घासलेल्या फळीवरून ते डोळे मिटून हात फिरवायचे आणि मग ती माझ्याकडे परत पाठवायचे. माझ्या बहुतेक फळ्या परत यायच्या.

माझी आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून कॅनडात घुबड बांधतेस?"

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "घुबड कशाला सांगितलंस? पिंगळा म्हण. पिंगळा दारात आला तर माणसं सूप भरून धान्य देतात."

जूनमध्ये मिशेलने पिसांना व्हार्निश लावायचं ठरवलं. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि विषारी धूर, फुप्फुसं, भांडवलशाही अशा क्रमाने वीस मिनिटं बोलले. व्हार्निश रद्द झालं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मुद्दा बरोबर होता. तो पहिल्या मिनिटातच झाला होता."

एकदा चहाच्या वेळी मी त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्हाला हे खरंच जाळायचंय?"

"हो."

"एवढं घासून?"

"अगं, चाळीस वर्षं पूल बांधले. एकही पडला नाही. आणि त्यातल्या एकावरूनही मी कधी निवांत गेलो नाही. गाडी हळू करतो, खिडकी खाली करतो, सांध्यांचा आवाज ऐकतो. मागचे हॉर्न मारतात, शेजारी ही चिडते." मग त्यांनी पिंगळ्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला एकच डोळा होता. "हे पहिलं काम असं, की पडलं तर लोक टाळ्या वाजवतील. मला एकदा माझ्या हातचं काहीतरी पडताना बघायचंय. समोर खुर्ची टाकून. काळजी न करता."

यावर माणसाने काय बोलावं? मी कार्बनवर बोलले. शिवाय 'हा प्रिव्हिलेज आहे' असंही म्हणाले. मला अजून आठवतं, बिस्किट चहात बुडवून मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले आणि थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

जुलैत धूर आला. आतल्या भागातले डोंगर पेटले होते आणि आमच्याकडचा सूर्य संत्र्यासारखा दिसत होता. मी घरी जाऊन तीन पानी पत्रक लिहिलं. पुतळा जाळू नये, महोत्सवाच्या समितीने आत्ताच रद्द करावं. त्यात 'नरसंहार' हा शब्द दोनदा होता. पाठवण्याआधी ते काकांना दाखवलं, कारण एव्हाना मला त्यांच्या गोलांची इतकी धास्ती होती की ग्रोसरीची यादी करतानाही मी आकडे तपासायचे.

त्यांनी अकरा गोल काढले. पत्रक घडी करून खिशात घातलं. 

तिसऱ्या दिवशी एक कागद दिला. तिथल्या छोट्या विमानतळावर फोन करून त्यांनी मागच्या काही उन्हाळ्यांतल्या संध्याकाळच्या वाऱ्याच्या नोंदी मिळवल्या होत्या. आदल्या वर्षी तिथे गेले असताना पुतळा उभा करायच्या चौथऱ्यापासून वाळक्या गवतापर्यंतचं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजलं होतं, ते वहीत होतंच. माझी तीन पानं त्यांनी तीन वाक्यांवर आणली होती. संध्याकाळी वारा दरीतून वर येतो. गवत वाऱ्याच्याच दिशेला आहे आणि पुरेसं लांब नाही. बाहेर पडायला रस्ता एकच आहे. खाली त्यांची सही, पदवीसकट.

"एवढंच ठेव," म्हणाले. "बाकीचा तुझा राग आहे. तो तुझ्यापाशी राहू दे, पुढे लागेल."

त्या क्षणी मला त्यांची खुर्ची आठवायला हवी होती. नाही आठवली. त्यांच्या सहीच्या वर माझं नाव कुठे बसेल, एवढंच मी बघत होते.

समितीने पान वाचलं आणि जाळणं रद्द केलं. पिंगळा उभा करायचा, शेवटच्या दिवशी उतरवून परत आणायचा. सहा वर्षांत मी पाईपलाइनींविरुद्ध लढले, हायवेविरुद्ध लढले, एका पार्किंग लॉटविरुद्धही लढले. सगळं बांधून झालं, पार्किंग लॉटसुद्धा. मी जिंकलेली मोहीम ही एकच. संघटनेने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

महोत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी काका पिंगळ्यासमोर घडीची खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी ती बर्नाबीहून गाडीत आणली होती, कारण सामानाच्या यादीतून ती काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी शेजारी वाळूत बसले. सूर्य कलला आणि बरोबर त्या सुमाराला दरीतून वारा आला. कोणाची तरी टोपी गेली. पलीकडे एक तंबू उपटून झुडपांत जाऊन पडला.

"आला बघ," काका म्हणाले. "तुझा वारा."

"काका, सॉरी."

"सॉरी कशाला? वारा बरोबर होता."

 पिंगळ्याच्या खुंट्या करकरत होत्या. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, पुलावर ऐकत असतील तसं.

"पण पडला छान असता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक खुंटी काढून दिली आणि आम्ही पिसं रचून ट्रकमध्ये भरली. पुढच्या वर्षीसाठी गवतापासून लांबची एक जागाही त्यांनी पावलांनी मोजून ठेवली.

फेब्रुवारीत ते गेले. हृदय. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले, बूट काढायला बसले आणि उठले नाहीत.

काकूंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "अगं, त्या दहनगृहातल्या माणसाने शवपेट्यांचा कॅटलॉग दिलाय. चकचकीत, पितळी कड्यांच्या. ह्यांना त्यात कसं ठेवू? तुमच्याकडे त्या फळ्या आहेत ना अजून?"

मिशेल, मी आणि आणखी चौघांनी मिळून गोदामात पेटी केली. मी फळ्या घासल्या. डोळे मिटून हात फिरवला आणि तीन माझ्या मीच परत घेतल्या.

दहनगृहातल्या माणसाने नियमांची यादी वाचली. रंग नको. व्हार्निश नको. धातू नको. तो पेटीभोवती फिरला, वाकून खुंट्या बघितल्या आणि मान डोलावली. खुंट्या काकांच्या होत्या. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणाचा जगाला झालेला उपयोग म्हणजे ती बिनव्हार्निशची पिसं.

"किती वेळ लागेल?" काकूंनी विचारलं.

"साधारण दोन तास."

"हा आकडा कुठून आणलात?" मी म्हणाले. इंग्रजीत, मोठ्याने. तोंडातून गेलं.

 तो माणूस बिचारा समजावून सांगायला लागला, वजन, लाकडाची जात, सीडर वाळलेलं असलं की लवकर पेटतं. काकू माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या शालीचा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग डोळे पुसले आणि त्याला म्हणाल्या, "मला इथे, या काचेसमोर, एक खुर्ची मिळेल का?"

त्याने दोन आणल्या.