जावयांनी बसवलेले चार प्लग

आमच्या जावयांना सगळे वैद्य म्हणतात. औषधातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, साध्या सर्दीनं आडवे होतात. पण बॉनेट उघडून दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले, की गाडीला काय झालंय ते सांगतात. गॅरेज खाली, आम्ही वर. गुडघ्यांना जिना सोसत नाही, म्हणून दिवसभर मी खालीच खुर्ची टाकून बसते. गिऱ्हाईक लेक बघते, गाड्या जावई बघतात आणि त्या दोघांना मी बघते.

एका सोमवारी दातांची डॉक्टरीण आपली बसकी लाल गाडी घेऊन आली. बाई शर्यतीत गाडी पळवते.

"काका, इंजिनाच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपर्यंत लोण्यासारखी चालते. त्याच्या वर गेलं की उचक्या देते. शनिवारी शर्यत आहे हो माझी."

"बुधवारी घेऊन जा," जावई म्हणाले.

बुधवार आला, गेला. पेट्रोलचा दाब मोजला, ठीक निघाला. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइल इकडच्या तिकडे करून पाहिल्या, उचकी काही हटेना. कॉम्प्युटर लावला, तर तो सांगतो, चारही सिलिंडर उचकतायत. जावई रोज मोकळ्या रस्त्यावर गाडी पिटाळायचे आणि तोंड पाडून परत यायचे. शनिवारही गेला. डॉक्टरणीचा फोन लेकीनं घेतला. "हो मॅडम... चुकलंच मॅडम..." एवढंच बोलत राहिली.

रविवारी तिनं विचारलं, "अहो, प्लग काढून बघितलेत का?"

"दोन महिन्यांपूर्वी मीच बसवलेत ते."

"म्हणून तर विचारते."

"माझ्या हातचे आहेत!"

"माझ्या हातची भाजी खारट झाली की बरी लगेच कळते तुम्हाला!"

मला हसू आवरेना. जावयांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं पाना उचलला.

प्लगच्या टोकाला बारीकशी फट असते, तिच्यातून ठिणगी उडते. ती फट जावई तीस वर्षं नखानं जोखत आलेत. जुन्या गाड्यांना ते चालून गेलं. या गाडीत मात्र टर्बो हवा दाबून भरतो. वेग वाढला की हवेचा दाब एवढा वाढतो, की रुंद फटीतून ठिणगी उडतच नाही. जावयांनी मापाची पट्टी फटीत घातली. ती आत खुळखुळली. चारही प्लगांत तेच.

जावयांनी चारही प्लग फडक्यावर ओळीनं मांडले.

मग लेक हळूच म्हणाली, "नीट करून द्या आणि सांगा, पेट्रोलमध्ये कचरा होता. शर्यतवाली सगळी गिऱ्हाइकं तिच्याच शब्दावर येतात आपल्याकडे."

जावयांनी फटी मापानं बसवल्या, गाडी फिरवून आणली. आठ हजारांपर्यंत एक उचकी नाही.

सोमवारी डॉक्टरीण आली. चक्कर मारून उतरली तेव्हा चेहरा फुलला होता. "काय होतं हो काका?"

लेकीनं तोंड उघडलंच होतं. तिच्या आधी जावई बोलले, "प्लगमधली फट मी जास्त ठेवली होती. चूक माझी."

"मग ते कळायला आठवडा लागला?"

"सहा दिवस दुसऱ्यांच्या चुका शोधत होतो, मॅडम."

ती हसली नाही. "माझी शर्यत गेली, काका," एवढंच म्हणाली आणि किल्ली घेऊन निघून गेली.

परत येईल की नाही, कोण जाणे. अजून तरी आलेली नाही. एवढं मात्र खरं, की त्या सकाळी माझी लेक नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मी लग्नातही खुर्चीवरच होते, समोरच.