पांढऱ्या शाईचा दादरा

आम्ही दोघा नवरा-बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर मशीनची पांढरी शाई ओढली. तिच्या हातात टॉर्च, माझ्या हातात सिरिंज, आणि दोघंही एकमेकांवर खेकसत होतो. त्याच दिवशी दिवेलागणीला ती नव्हती. सांगायचं एवढंच आहे. पण पहिल्यापासून सांगतो, कारण मलाच ते अजून कळलेलं नाही.

धायरीत घराखालीच आमचं एका शटरचं दुकान आहे. मी मूळचा पेंटर. शाळा चौथीत सुटली आणि ब्रश हातात आला. सिंहगड रोडवरच्या किती दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या त्याला हिशोब नाही. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. घरी बसून मी चिडचिडा झालो, तेव्हा मुलाने हे मशीन आणून दिलं. मशीन म्हणजे एक मोठं सपाट टेबल. त्यावर काच ठेवा, लाकूड ठेवा, फरशी ठेवा. वरून हेड फिरतं आणि छापतं, मागोमाग एक जांभळा दिवा फिरतो आणि शाई तिथल्या तिथे कडक होते. उन्हानेही होते. म्हणून शाईच्या हाताने बाहेर जायचं नाही, असा दुकानाचा नियम. नियम माझा, मोडणार ती.

ती सातवी शिकलेली. स्क्रीनवर काय आलंय ते ती वाचायची, हात मी चालवायचो. एकाला दिसायचं, दुसऱ्याला जमायचं. असं आमचं दुकान चालायचं. संसारही तसाच चालला म्हणा.

या मशीनमध्ये सगळ्यात नाठाळ म्हणजे पांढरी शाई. पांढरा रंग कुठलाही असो, तळाला बसतो. ऑइल पेंटच्या डब्यातही बसायचा. म्हणून रोज सकाळी टाकीचं झाकण काढून ती ढवळायची आणि थोडी ओढून टाकायची. एखादा दिवस राहिलं तर नळीत बसते. आणखी राहिलं तर हेडमध्ये बसते, आणि हेड गेलं की मशीन म्हणजे नुसतं टेबल, वर बसून भाजी निवडा. ढवळण्याचं काम तिचं होतं. सकाळी देवापुढे दिवा, मग तुळशीला पाणी, मग पांढरी. या क्रमात कधी फरक नाही. ताप असला तरी नाही.

त्या दिवशी एका नव्या फ्लॅटच्या दारावरची पाटी छापायची होती. नवरा-बायकोचं नाव आणि वर गणपती. पाटी आरपार दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकची. अशा पाटीला आधी खाली पांढरा द्यावा लागतो, नाहीतर गणपतीतून मागची भिंत दिसते. छापायला घेतली. नवऱ्याचं नाव झकास उमटलं. बायकोच्या नावाशी आलं आणि पांढरा विरत गेला. शेवटची अक्षरं तर भुतासारखी.

हेड साफ केलं. टेस्ट काढली. टेस्ट म्हणजे वहीच्या रेघांसारख्या बारीक रेघा छापून बघायच्या, तुटलेली रेघ म्हणजे ते छिद्र बंद. एकही रेघ तुटलेली नव्हती. पुन्हा छापायला लावलं, पुन्हा अर्ध्यात पांढरा गायब.

"हेड बंद नाहीये," ती म्हणाली. "सुरुवातीला येतंय, मग दमतंय. जिना चढताना तुमचं होतं तसं."

"माझा जिना राहू दे. टॉर्च इकडे धर."

हेडच्या डोक्यावर काडेपेटीएवढी डबी असते. टाकीतून नळीने शाई तिथे येते आणि गाळून हेडला मिळते. ती डबी मी बदलली. तेच. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून ती टॉर्च घेऊन नळीच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बुडबुडा नव्हता. मग मी सिरिंज लावून ओढायला लागलो. दांडा मागे घेतला की शाई यायला हवी. आली थोडी, आणि मग दांडाच माझ्या हातातून परत आत जायला लागला. पलीकडून कोणी ओढतंय असं.

"जोर लावा की."

"जोरच लावतोय. पलीकडून तुझा भाऊ ओढतोय बहुतेक."

"माझा भाऊ तुमच्यासारखा रिकामा नाही."

दांडा परत आत जातो म्हणजे शाईची वाट अडलेली नाही, शाईला मागून हवा मिळत नाहीये, हे मला तेव्हा सुचलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात पडतं, तसं. म्हणून मी नळी धरून उलटा टाकीपर्यंत गेलो. टाकीच्या झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं. ते दिसेचना. झाकणावर दुधाची रिकामी पिशवी, धुऊन वाळवलेली, ताणून बसवली होती. वर दोन रबरबँड, आवळून आवळून.

मी रबर काढलं. टाकीने फुस्स करून श्वास घेतला.

"हे कोणी केलं?"

"मी. सकाळी," ती म्हणाली. "बाहेर रस्ता खणलाय. आत धूळ येतेय म्हणून तुम्हीच बोंबलत होतात."

"आणि मला सांगायचं नाही?"

"झाकलं, त्यात सांगायचं काय? मी भाजीवर ताट ठेवते तेव्हा तुम्हाला येऊन सांगते का?"

मला हसू फुटलं. त्याच आठवड्यात तिने कैरीचं लोणचं घातलं होतं आणि बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधला होता. तोच हात, तीच सवय. मी म्हणालो, "अगं, शाई आहे ती. मुरायला नाही ठेवलेली." तीही हसली, पण राग धरूनच. म्हणाली, लोणच्याला तरी मी कापड बांधते, कापडातून वारा जातो. शाई महागाची, कापडाने पिऊन टाकली असती, म्हणून पिशवी. मग स्वतःच थांबली. म्हणाली, "म्हणजे कापडच पाहिजे होतं."

वर गेली आणि जुन्या सुती साडीचा तुकडा फाडून आणला. झाकणावर तो टाकून त्याला नाडीने दादरा बांधला. गाठ सुरगाठ. "तुमच्या जाड बोटांना निरगाठ सुटत नाही, मग कात्री शोधत बसता," असं बोलून घेतलंच. हातात मोजे घालायचे असतात, ते तिने घातले नव्हते. मोज्यात गाठ कळत नाही म्हणे. बांधताना अंगठ्याला पांढरी लागली. मी ओरडलो, आधी पूस. ती तशीच बाहेर नळावर गेली. ऊन रणरणत होतं. परत आली तर अंगठ्याचं नख चुन्यासारखं पांढरं, कडक.

"घे, झालं तुझ्या मनासारखं," मी म्हणालो.

"नख वाढलं की जाईल," ती म्हणाली.

सिरिंज ओढली. या वेळी शाई अशी सरळ आली. "आलं, आलं," ती म्हणाली. शाई आली की ती 'आली' म्हणायची नाही, 'आलं' म्हणायची, विहिरीला पाणी लागल्यासारखं. मग आम्ही चहा घेतला. ती स्टुलावर बसली होती. पाटी मशीनवर तशीच अर्धी पडली होती, नवी लावायची होती. ती म्हणाली, "पाठीत भरून आल्यासारखं होतंय."

मी म्हणालो, वाकून बसलीस ना इतका वेळ.

तिने कप खाली ठेवला. पडला नाही, नीट ठेवला. मग ती एका अंगाला कलली. मी हाक मारली. घाम नुसता निथळत होता. शेजारच्या गॅरेजवाल्याने रिक्षा आणली. रिक्षात ती माझ्या खांद्यावर होती आणि मी एकच बोलत होतो, अगं शटर उघडं राहिलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून. उघड्या शटरवरून ती नक्कीच बोलली असती.

दवाखान्यात नर्सने तिच्या बोटाला चिमटा लावायला घेतला. म्हणाली, "आजोबा, यांची नेलपॉलिश काढायला लागेल." मी म्हणालो, नेलपॉलिश नाही, शाई आहे. तिने दुसऱ्या बोटाला लावला. मला बाहेर बसवलं. मी बसलो. डोक्यात पाटी होती. गणपती आधी छापावा की नाव, असलं काहीतरी.

डॉक्टर बाहेर आला. तरुण होता. म्हणाला, "आजोबा, त्या गेल्या."

मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं. वेड पांघरलं नव्हतं. मला वाटलं, मोठ्या दवाखान्यात नेलं. मग मुलगा आला धावत, आणि त्याचं तोंड बघून मला कळलं. कळलं म्हणजे शब्द कळले.

पुढचं सगळं लोकांनी केलं. ते सांगतील तिथे मी उभा राहिलो, सांगतील तिथे बसलो. आंघोळ घालताना माझी वहिनी तिच्या अंगठ्याला खोबरेल चोळत होती. मग राख आणली, मग चिंच आणली. निघेना. "भाऊजी, हे जातच नाही," तिने दारातून मला सांगितलं. मी म्हणालो, राहू दे. त्या शाईला कशाने काही होत नाही, ती जायला नखच वाढावं लागतं. ती पांढऱ्या नखानेच गेली.

सकाळी घरात चूल पेटली नव्हती. शेजारणीने चहा आणला होता. सगळे खाली मान घालून सावडायला कधी जायचं ते बोलत होते. देवापुढे दिवा नाही, सुतकात लावत नाहीत. तुळशीला पाणी कोणी घातलं होतं का, माहीत नाही. मला एकच दिसायला लागलं, की पांढरी बसली असेल. बसतच असेल, आता, आम्ही इथे बोलतोय तोवर. मी उठलो आणि किल्ली घेतली.

"कुठे निघालात?" वहिनी म्हणाली.

"मशीनला."

"सुतकात? भाऊजी, लोक काय म्हणतील! काल बाई गेली आणि आज धंदा उघडला?"

"वहिनी, सुतकात तुम्ही गोठ्यातल्या गाईला पाणी दाखवत होतात की नाही? का दहा दिवस तशीच बांधून ठेवत होतात?"

वहिनीने वाट सोडली. मुलगा उठला आणि माझ्यामागे जिना उतरला. आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने लावून घेतलेलं शटर मुलानेच वर केलं. आत दोन कप तसेच. तिचा अर्धा भरलेला, वर साय धरलेली. मशीनवर ती पाटी. नवऱ्याचं नाव ठसठशीत आणि बायकोचं नाव विरलेलं. मी ती उचलून पालथी ठेवली. कोणाची तरी शुभकार्याची पाटी, आणि मी तिच्याकडे बघत उभा. फ्लॅटवाल्यांना फोन करून दुसरीकडून करून घ्या म्हणून सांग, असं मुलाला म्हणालो.

मग टाकी. झाकणावर तिचा दादरा. ढवळायचं तर तो सोडायला हवा. तिच्या हाताची शेवटची गाठ, आणि ती मीच सोडायची. नाही सोडली तर पांढरी बसणार, आणि आम्ही दोघांनी मिळून चालवलेलं होतं नव्हतं ते एवढंच उरलेलं, तेही बसणार. मी नाडीचं टोक धरून उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, मी सोडू?" मी म्हणालो, हात लावू नकोस.

ओढलं. एका ओढीत सुटली. माझ्या जाड बोटांसाठीच बांधलेली ती. मी तिथे खाली बसलो आणि मग मला रडू आलं, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा.

नंतर उठून ढवळलं. तळाला दाट साका धरला होता, तो सुटेपर्यंत ढवळत राहिलो. मुलाला टॉर्च धरायला सांगितली. त्याला कुठे धरायची कळत नव्हतं, माझ्या डोळ्यांवर धरत होता. मी त्याचं मनगट धरून ती नळीवर वळवली. सिरिंज ओढली. शाई आली. कोणी काही म्हणालं नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता, त्याला म्हणायचं असतं हे माहीतच नव्हतं. मग मीच म्हणालो, "आलं."

टेस्ट काढली. सगळ्या रेघा अखंड. छापलं काही नाही, सुतक मलाही कळतं. दादरा पुन्हा बांधला, पण सुरगाठ मला जमेना, निरगाठच बसली. बसू दे, कात्री आहे.

बाहेर आलो तर ऊन शटरपर्यंत आलं होतं. माझ्या अंगठ्याला पांढरी लागली होती. मुलाने फडकं पुढे केलं. मी ते घेतलं नाही. अंगठा उन्हात धरला, शाई कडक होईपर्यंत तसाच उभा राहिलो, आणि मग शटर ओढून वर घरी गेलो.