दोरी बांधलेलं झाकण
परवा कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण दोरीसकट हाताला लागलं आणि दिल्लीच्या चांदनी चौकातलं ते दुकान आठवलं. पानिपतला एका लग्नात आधीचं झाकण पडून हरवलं, म्हणून मी आणि बायको नवीन घ्यायला गेलो होतो. दुकानदार वयस्कर सरदारजी होते. मी कंपनीचंच झाकण मागितलं, तर ते बाजूला सारून त्यांनी बिननावाचं, निम्म्या किमतीचं एक पुढे केलं. "ये लीजिए, बीच से दबता है. वो साइडवाला तो धक्का लगते ही खुल जाता है." मला तिथंच शंका आली. महागाची वस्तू सोडून कुठला दुकानदार स्वस्त विकतो? बाजारात गुपित बोलायला आम्हा दिल्लीतल्या मराठी मंडळींना मराठी असतेच. मी बायकोला म्हटलं, "लबाड दिसतोय. डुप्लिकेट माल गळ्यात मारतोय." ती पुटपुटली, "अरे, हळू बोल." "त्याला काय कळतंय!" सरदारजींनी मान खाली घालून झाकण लेन्सवर बसवलं आणि कॅमेरा उलटा करून दोनदा झटकला. ते हललंसुद्धा नाही. मग खणातून काळी दोरी काढून त्यांनी झाकण कॅमेऱ्याला बांधलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "वहिनी, आता हरवायचं नाही. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलोय मी." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोरी अजून शाबूत आहे. दिल्लीतल्या कुठल्याही दुकानात शिरलो की मी मात्र आजही समोरच्याच्या चेहऱ्याकडे संशयानं बघतो, याला आपलं सगळं कळत तर नसेल?